संघटित धर्म आपल्या श्रद्धा खरंच बदलू शकतो, की नुसती वरून रंगरंगोटी असते?

बदलतो की. फक्त "आमचं चुकलं" असं तोंडाने म्हणत नाही. मी वसईचा कॅथलिक, त्यामुळे घरचंच उदाहरण देतो, दुसऱ्याच्या धर्मावर बोलून शिव्या खायची हौस नाही.

अंत्यविधीचं घ्या. 1886 मध्ये रोमने, म्हणजे पोपच्या कारभाराने, दहनावर बंदी घातली, कारण तेव्हा युरोपात चर्चच्या विरोधातली काही मंडळी पुनरुत्थान, म्हणजे मेलेले पुन्हा उठणार वगैरे, सब झूठ आहे हे दाखवायला मुद्दाम दहन करून घ्यायची. चर्चच्या 1917 च्या कायद्यात तर "माझं दहन करा" असं सांगून ठेवणाऱ्याला चर्चचा अंत्यविधीच नाही. मग 1963 मध्ये बंदी उठली. 2016 मध्ये परत पत्रक आलं, की दहन चालेल पण राख घरात ठेवायची नाही, समुद्रात सोडायची नाही, आणि 2023 मध्ये त्यालाही थोडी ढील, राखेचा छोटासा अंश आठवणीच्या जागी ठेवायला परवानगी मिळू शकते. आता मेलेले उठणार ही मूळ श्रद्धा तसूभर हललेली नाही, तिच्यावरून काढलेला नियम मात्र पार उलटा झाला.

तुम्ही म्हणाल ही रंगरंगोटीच झाली. ठीक, मग दुसरं बघा, हे जास्त अवघड आहे. 1442 मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने लिहून ठेवलंय की ज्यू असो की मूर्तिपूजक, मरण्याआधी चर्चमध्ये आला नाही तर नरकाग्नीत जाणार. म्हणजे ज्या शेजारच्या काकूंकडे आम्ही दरवर्षी दिवाळीचा फराळ हाणतो त्यांचं तिकीट फायनल! आणि 1965 च्या व्हॅटिकन परिषदेत, हिंदू धर्माचं नाव घेऊन, म्हटलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. त्यामागे मोठा धक्का होता तो महायुद्धातल्या ज्यूंच्या संहाराचा. धर्मपंडित म्हणतात हा बदल नाही, जुन्याच शिकवणीची "समज वाढली". माझ्या मते सरळ यू-टर्न आहे, पण इंडिकेटर न देता मारलेला.

त्याच परिषदेमुळे लॅटिन जाऊन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आपापल्या भाषेत आली, आणि 1969 मध्ये भारतासाठी रोमने 12 गोष्टींना मंजुरी दिली, चपला काढून जमिनीवर बसणं, हात जोडून नमस्कार, आरती असल्या. त्यावर बोंब कोणी मारली? कॅथलिकांनीच, की चर्चचं देऊळ करताय म्हणून. लोक हे विसरतात, की वरचे हटवादी आणि खालचे बिचारे पुरोगामी असं दरवेळी नसतं.

बायकांच्या बाबतीत मात्र गाडी अडलीय. 1994 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्त्रियांना धर्मगुरू करता येणार नाही, हा निर्णय अंतिम, असं सांगून टाकलं. उलट वेदीजवळ उभं राहून बायबलचं वाचन आमच्याकडे बायका कधीपासून करतायत, कोणाला त्यात काही वाटतही नाही, पण वाचकाचं ते पद रीतसर कायद्याने स्त्रियांना मिळालं 2021 मध्ये.