सोनीचा पहिला परदेशी प्रमुख कोण? त्याला कंपनी सावरता आली का?

हॉवर्ड स्ट्रिंगर. जन्म वेल्सचा, कारकीर्द अमेरिकेतल्या सीबीएस या टीव्ही कंपनीत, जपानी येत नव्हतं. तरी २००५ मध्ये सोनीची सूत्रं त्यांच्याकडे आली. सावरली म्हणाल, तर अर्धीमुर्धीच. त्याच वर्षी त्यांनी १०,००० नोकऱ्या कमी करायची घोषणा केली. पण खरं दुखणं होतं घरातल्या सवत्यासुभ्यांचं. वॉकमनवाले, संगणकवाले, संगीतवाले, प्रत्येकाची चूल वेगळी. तेवढ्यात ॲपलच्या आयपॉडने बाजार मारला होता! हे सुभे त्यांना पुरते मोडता आले नाहीत, टीव्हीचा धंदाही वर्षानुवर्षं तोट्यातच राहिला. चित्रपटांच्या नव्या डिस्कच्या लढाईत सोनीच्या ब्लू-रेने प्रतिस्पर्धी एचडी-डीव्हीडीला हरवलं, ते मात्र त्यांच्याच काळात. एप्रिल २०१२ मध्ये त्यांच्या जागी काझुओ हिराई आले, तेव्हा नुकत्याच सरलेल्या आर्थिक वर्षाचा तोटा होता सुमारे ४५७ अब्ज येन.