आर्वो पॅर्ट यांचं 'माग्निफिकात' पहिल्यांदा गाताना

मिरजेच्या चर्चमधल्या गायनवृंदात आलात आणि पहिलीच रचना ही मिळाली, घाबरू नका. एस्टोनियन संगीतकार पॅर्ट यांच्या १९८९च्या या रचनेत गळ्याची कसरत नाही. कस लागतो तो स्वर स्थिर ठेवण्याचा.

माग्निफिकात म्हणजे येशूची आई मरीया हिचं स्तुतिगीत. ते वाचायला आधी बायबलमधलं लूककृत शुभवर्तमान उघडा: पहिला अध्याय, वचनं ४६ ते ५५. मराठीतच वाचा. मरीया कोणत्या आनंदात बोलतेय हे उमगलं की आवाज आपोआप बदलतो. मग लॅटिन शब्द न गाता, नुसते मोठ्याने म्हणा. इथली लय शब्दांमागून चालते, म्हणून पायाने ठेका धरू नका.

सोप्रानोचा (सर्वांत उंच स्त्री-आवाजाचा) एक स्वर बराच वेळ धरलेला असतो. तो तानपुऱ्याच्या षड्जासारखा ऐकत राहा. मिरजेत राहणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- भजनाच्या सवयीने मींड घेतात. स्वर थेट लावा.
- शेजारचा स्वर खेटून आला की तिकडे सरकतात. तो ताण मुद्दाम लिहिलेला आहे, आणि मला तीच या रचनेची खरी सुंदर जागा वाटते. ठाम राहा.
- सरावभर हार्मोनियम वाजवतात. रचना वाद्याविना आहे. सुरुवातीला सूर घ्या, शेवटी तपासा.

पॅर्ट यांच्या तंत्रावरचं वाचन सध्या राहू द्या. सरावाला नोटेशनची प्रत आणि पेन्सिल आणा. श्वासाच्या जागा शेजारणीशी ठरवून खुणा करा, म्हणजे दोघी एकदम थांबणार नाही.