‘स्कीममध्ये न बसणारा’ रिसीव्हर : मराठीत काय म्हणावं?

न्यू जर्सीतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. मुलासोबत अमेरिकन फुटबॉल पाहताना समालोचक एखाद्या रिसीव्हरबद्दल, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूबद्दल, ‘तो या स्कीमचा नाही’ असं म्हणतात. झेल तर तो उत्तम घेत असतो, मग अडतं कुठे? आणि हे घरातल्या आजीला मराठीत सांगायचं तर ‘झेलपटू’ आणि ‘योजना’ हे शब्द चालतील का?

आधी ‘योजना’बद्दल. हा शब्द इथे नको. योजना आखतात, राबवतात आणि ती पूर्ण झाली की संपते. फुटबॉलमधली स्कीम म्हणजे संघाची आक्रमण करण्याची सगळी रीत. ती एका प्रशिक्षकाकडून त्याच्या सहायकांकडे आणि त्यांच्याकडून पुढच्या पिढीकडे जाते, अगदी गाण्यातल्या घराण्यासारखी. म्हणून ‘पद्धत’ म्हणावं. त्या पद्धतीतली एक-एक चाल म्हणजे ‘डाव’, पण क्रिकेटमधल्या नव्हे तर कुस्तीतल्या अर्थाने. डाव टाकतात, तसा तो प्रत्येक वेळी नव्याने टाकला जातो.

‘झेलपटू’ बातमीच्या मथळ्यात चालेल. मात्र तुमच्या प्रश्नाचं उत्तर हा शब्द झाकून टाकतो. झेल घेणं हे कौशल्य सगळ्याच पद्धतींना हवं असतं. पद्धती वेगळ्या होतात त्या झेलाआधी आणि झेलानंतर: धावण्याची वाट कोणती, ती किती काटेकोर, ती बदलायची मुभा आहे का, आणि चेंडू हातात आल्यावर पुढे काय.

उभं राहण्याच्या जागांपासून सुरुवात करू. नियमाप्रमाणे आक्रमक संघाचे किमान सात जण चेंडू जिथून खेळात येतो त्या रेषेवर असावे लागतात. त्या फळीच्या टोकाला, इतरांपासून लांब उभा असतो तो ‘एक्स’. तो रेषेवरच असल्यामुळे समोरचा बचावपटू त्याच्या छातीशी उभा राहून त्याला सुरुवातीलाच अडवू शकतो. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये पहिल्या पाच यार्डांत असं हाताने रोखायला परवानगी आहे. म्हणून एक्सला ताकद आणि लांब हात लागतात. दुसऱ्या बाजूचा ‘झेड’ रेषेच्या थोडा मागे असतो. त्याला चेंडू खेळात येण्यापूर्वी आडवं सरकता येतं, त्यामुळे तो सहसा सुटा निघतो. त्याचं जुनं नाव फ्लँकर, म्हणजे सैन्याच्या बगलेवरचा. ‘वाय’ हा बहुतेक ठिकाणी टाइट एंड, म्हणजे फळीला लागून उभा राहून अडवणारा आणि झेलणाराही खेळाडू असतो, आणि ‘स्लॉट’ म्हणजे टोकाचा रिसीव्हर आणि मधली फळी यांच्यातली फट. मराठीत मी ‘फळीवरचा’, ‘फळीमागचा’ आणि ‘फटीतला’ असं म्हणेन. कबड्डीत आपण ‘कोपरारक्षक’, ‘मध्यरक्षक’ म्हणतो, तेव्हा खेळाडूचं नाव त्याच्या जागेवरूनच घेतो. इथेही तेच योग्य आहे.

आता पद्धती. सगळ्यात गैरसमज पसरवणारं नाव ‘वेस्ट कोस्ट’. ही पद्धत बिल वॉल्श यांनी घडवली ती पश्चिम किनाऱ्यावर नव्हे, तर ओहायोतल्या सिनसिनाटीत, बेंगल्स संघाचे सहायक प्रशिक्षक असताना. १९७० मध्ये त्यांच्या हाताशी व्हर्जिल कार्टर हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू होता. त्याचा नेम चांगला होता, पण चेंडू लांब फेकण्याइतका जोर हातात नव्हता. म्हणून वॉल्श यांनी आखूड, आडव्या फेकींचं आक्रमण रचलं. क्वार्टरबॅक तीन किंवा पाच पावलं मागे येतो आणि रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू हातातून सुटतो. अशा वेळी रिसीव्हर एक पाऊल जास्त धावला तरी झेल प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाऊ शकतो. इथे लागतो पावलांचा हिशेब आणि झेल घेतल्या क्षणी वळून पळण्याची हातोटी. जेरी राइस हा रिसीव्हर १९८५ च्या निवडीत, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या ‘ड्राफ्ट’मध्ये, सोळावा होता. सरळ शर्यतीत तो फार वेगवान समजला जात नव्हता. पण सॅन फ्रान्सिस्कोत वॉल्श यांच्या पद्धतीत त्याच्या अचूक वळणांचं सोनं झालं. त्याचा कारकिर्दीत झेलांतून मिळवलेल्या २२,८९५ यार्डांचा विक्रम आजही अबाधित आहे.

खऱ्या अर्थाने पश्चिम किनाऱ्यावर बहरली ती डॉन कोरिएल यांची पद्धत, सॅन डिएगोत, १९७८ पासून. तिथे क्वार्टरबॅकची नजर आधी दूर जाते, मग जवळ येते. अशा पद्धतीला बचावफळी ताणून धरणारा, पाठीमागून येणारा चेंडू खांद्यावरून झेलणारा रिसीव्हर हवा. या पद्धतीत वाटांना आकडे आहेत. सम आकड्यांच्या वाटा मैदानाच्या मध्याकडे वळतात, विषम आकड्यांच्या कडेकडे, आणि ९ म्हणजे सरळ सुसाट. डावाचं नाव तीन आकडी असलं, तर एकेका आकड्यावरून एकेकाची वाट कळते. खेळाडूला आपला आकडा पाठ असला की बरंचसं काम झालं.

आणि इथेच तुमच्या प्रश्नातली गाठ सुटते. न्यू इंग्लंड पेट्रियट्स ज्या अर्हार्ट-पर्किन्स पद्धतीवर खेळत, तिच्यात संपूर्ण कल्पनेला एकच नाव असतं. कोण कुठे उभा राहील हे दर वेळी बदलू शकतं, म्हणून प्रत्येकाला सगळ्यांच्या वाटा माहीत हव्यात. त्यात काही वाटा ‘ऑप्शन’च्या: बचावपटू आत दबा धरून असेल तर बाहेर वळायचं, तो मागे सरला असेल तर जागीच थांबायचं. मराठीत याला ‘वाट वाकडी करणं’ हा वाक्प्रचार तयारच आहे. अट एवढीच की क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर या दोघांनी बचावाची मांडणी एकाच क्षणी, एकसारखी हेरली पाहिजे. एकाने आत हेरलं आणि दुसऱ्याने बाहेर, तर चेंडू रिकाम्या गवतावर पडतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की नेम चुकला.

चॅड जॉन्सन, त्या काळात चॅड ओचोसिंको, बेंगल्सकडून सात हंगामांत हजार यार्डांपलीकडे गेला होता. सुटा होण्यात त्याचा हात धरणारे थोडे. २०११ मध्ये तो पेट्रियट्समध्ये आला आणि अख्ख्या साखळी हंगामात त्याचे झेल झाले १५. वय तेहतीस होतं, हे खरं. पण या पद्धतीचं हेरणं त्याच्या अंगवळणी पडलं नाही, असंच तेव्हा बहुतेकांनी म्हटलं, आणि मलाही ते पटतं. उलट वेस वेल्कर. उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच, २००४ च्या निवडीत कोणीही न घेतलेला. २००६ मध्ये मायामीकडून ६७ झेल, आणि २००७ मध्ये पेट्रियट्सकडे आल्यावर ११२. त्याच वर्षी त्याच संघात उंचापुरा रँडी मॉस होता. तो खोलवर धावून मागचे बचावपटू ओढून नेई आणि वेल्करला फटीत मोकळं रान मिळे. मॉसने त्या हंगामात २३ टचडाउन, म्हणजे समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू पोचवून गुण देणारे झेल, घेतले. एकाच पद्धतीत दोघेही बसले, पण त्यांची कामं एकमेकांना देता आली नसती.

आणखी एक टोक आहे फ्लेक्सबोनचं, म्हणजे मुख्यतः चेंडू घेऊन धावण्यावर बेतलेल्या पद्धतीचं. जॉर्जिया टेक विद्यापीठात पॉल जॉन्सन यांच्या संघात चेंडू फेकला जाई क्वचितच. बाहेरच्या रिसीव्हरचं रोजचं काम म्हणजे समोरच्याला अंगाने रेटून धावणाऱ्याला वाट करून देणं. डिमेरियस थॉमसने तिथे २००९ मध्ये फक्त ४६ झेल घेतले, पण प्रत्येकी सरासरी २५ यार्ड. हल्ली शॉन मॅकव्हे यांच्या रॅम्ससारख्या संघांतही रिसीव्हरला अडथळा करता येणं आवश्यक मानतात. तिथे असताना कूपर कप हे त्याचं उत्तम उदाहरण होता, आणि २०२१ मध्ये झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत तो लीगमध्ये पहिला होता. अशा खेळाडूला ‘झेलपटू’ म्हटलं तर त्याचं निम्मं काम नावाबाहेर राहतं.

तेव्हा खेळाडूला ‘रिसीव्हर’च म्हणा, तो शब्द आता मराठीत सहज चालतो. ‘स्कीम फिट नाही’साठी ‘तो या पद्धतीत बसत नाही’ हे सरळ मराठी आहे. फक्त तिथे थांबू नका, काय बसत नाही तेही सांगा. ‘फळीवर अडवला की सुटत नाही’, ‘पावलं मोजून धावत नाही’, ‘बचाव हेरून वाट वाकडी करत नाही’, ‘अडथळा करत नाही’. यांपैकी योग्य ते वाक्य पुढे जोडलंत, तर आजी पुढच्या डावाला चेंडूऐवजी त्या खेळाडूच्या पायांकडे बघू लागतील.