परतावा : मुद्दल धरून की सोडून?

प्रश्न असा आला आहे : ठेवीच्या पत्रकात एकाच ओळीत ‘व्याजदर 7 टक्के’ आणि ‘वार्षिक परतावा 10.02 टक्के’ असं छापलंय. हे दोन शब्द समानार्थी आहेत का? नसतील, तर दुसरा आकडा खोटा म्हणायचा का?

आकडा खोटा नाही. 1 लाख रुपये 7 टक्क्यांनी, दर तिमाहीला व्याज मुदलात मिळवत 10 वर्षं ठेवले, की सुमारे 2,00,160 रुपये हातात येतात. वरच्या 1,00,160 रुपयांना सरळ 10ने भागलं की 10.02 टक्के. म्हणजे व्याज चक्रवाढीनं वाढू दिलं आणि वाटणी मात्र सरळव्याजासारखी केली. हीच ठेव 3 वर्षांची असती तर याच रीतीनं 7.71 आले असते. दर तोच, बँक तीच, मुदत लांबली म्हणून ‘परतावा’ फुगला! वर्षाला खरी वाढ दोन्हीकडे 7.19 टक्केच आहे.

हे खपतं, कारण ‘परतावा’ हा शब्दच सैल आहे. ‘परतणे’ला ‘-आवा’ लागून तो झाला, ‘भुलणे’चा ‘भुलावा’ होतो तसा. जे परत आलं ते सगळं परतावा. आयकराचा परतावा म्हणजे आपलेच जास्त गेलेले पैसे, त्यात नफा कुठे? माझ्या वडिलांना विमा एजंटानं ‘दर 5 वर्षांनी परतावा’ असं सांगितलं होतं. त्यांनी तो शब्द व्याज म्हणून ऐकला, एजंटाच्या मनात हप्त्यांतून परत येणारी रक्कम होती. वडील कितीतरी वर्षं तो आकडा कमाईच्या रकान्यात लिहीत होते. ती वही अजून माझ्याकडे आहे.

याच गफलतीचं अमेरिकेतलं उदाहरण प्रसिद्ध आहे. इलिनॉय राज्यातल्या बिअर्ड्सटाउन गावच्या बायकांनी गुंतवणूक मंडळ काढलं होतं, आपल्या भिशीसारखं, दरमहा वर्गणी भरून शेअर घ्यायचं. 1984 ते 1993 या 10 वर्षांत वर्षाला 23.4 टक्के परतावा मिळाल्याचं त्यांनी सांगितलं आणि त्या देशभर गाजल्या. 1998 मध्ये हिशेब तपासला तेव्हा आकडा निघाला 9.1. सभासदांची नवी वर्गणीही वाढीत धरली गेली होती. फसवायचा हेतू नव्हता. खात्यात आज किती आहे आणि तेव्हा किती होते, एवढंच पाहिलं की हे कुणाकडूनही होतं.

आपल्याकडचा जुना शब्द या बाबतीत किती चोख आहे पाहा : दामदुपट. एका वेळी वसूल करायचं व्याज मुदलाहून जास्त होता कामा नये, हा हिंदू कायद्यातला नियम मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही मानला होता. दुप्पट म्हणजे मुद्दल धरून दुप्पट, नफा 100 टक्के. आज ‘पैसे दुप्पट, म्हणजे 200 टक्के परतावा’ असं सर्रास लिहिलं जातं. 200 टक्के वाढ झाली तर पैसे तिप्पट होतात.

‘सरासरी वार्षिक परतावा’ तर मला सगळ्यात घातक वाटतो. पहिल्या वर्षी 50 टक्के वाढ, दुसऱ्या वर्षी 50 टक्के घट : सरासरी शून्य. आणि लाखाचे उरतात 75,000.

म्हणून माझा आग्रह आहे की एकटा ‘परतावा’ लिहूच नये. परत आलेले आपलेच पैसे असतील तर ‘परतफेड’, वरची कमाई असेल तर ‘नफा’ किंवा ‘व्याज’, आणि वर्षांवर पसरलेला दर सांगायचा असेल तर ‘चक्रवाढ वार्षिक दर’ लिहावं, मुदतीसह. पत्रकातली ती ओळ मी अशी लिहीन : ‘व्याजदर 7 टक्के, तिमाही चक्रवाढ, 10 वर्षांनी लाखाचे 2,00,160.’