आवाज मुलाचाच होता, पण बोलत होता हिंदीत

‘तरुण मुलं ऑनलाइन का फसतात’ या लेखावर आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरं इथं देते आहे. नावं आणि कॉलेजं गाळली आहेत. एका घरातून आई आणि मुलगा दोघांनीही, एकमेकांना कळू न देता, एकाच प्रकरणावर लिहिलं आहे. ती दोन्ही पत्रं मी मुद्दामच घेतलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. भर दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज त्याचाच, रडवेला. ‘मम्मी, ॲक्सिडेंट हो गया, पुलिस ने पकड़ लिया है.’ मग दुसऱ्या एका माणसानं फोन घेऊन सोडवायचे ४० हजार मागितले. मी पैसे पाठवणार, तेवढ्यात जाऊबाईंनी मुलाच्या नंबरवर फोन लावला. तो मेसमध्ये जेवत होता! आवाज इतका कसा जुळला? पुढच्या वेळी ओळखायचा कसा? (एक आई, लोकमान्य नगर)

आवाजाची नक्कल करायला आता काही सेकंदांचं रेकॉर्डिंग पुरतं. तेवढं तर कुठल्याही रीलमध्ये किंवा गॅदरिंगच्या व्हिडिओत सापडतं. त्यात रडणं आणि रस्त्याचा गोंगाट मिसळला, की उरलीसुरली खोट आईच्या काळजीतच झाकली जाते.

पण तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीशी मी थांबले. मुलगा ‘मम्मी’ म्हणाला आणि हिंदीत बोलला. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत मुलं गल्लीत हिंदीत ‘भिया’ (भैया) करत फिरतात आणि उंबरठा ओलांडला की ‘आई, भूक लागली’ म्हणतात. संकटात सापडलेला मुलगा आईशी परक्या भाषेत बोलेल का? हा धागा चांगला आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आज हिंदीत आलेला फोन उद्या मराठीत येईल, कारण ही यंत्रं मराठीही बोलतात.

तेव्हा आवाज ओळखायच्या फंदातच पडू नका. चेहरा दिसला तरी तेच. २०२४ च्या सुरुवातीला अरुप या नामांकित इंजिनिअरिंग कंपनीच्या हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्यानं व्हिडिओ कॉलवर आपले वरिष्ठ आणि सहकारी ‘पाहिले’ आणि सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. कॉलवरची ती माणसं बनावट होती. तिथं मोठ्या कंपनीतला माणूस चकला, तर तुम्ही स्वतःला बोल लावून घेऊ नका. जाऊबाईंनी केलं तेच करायचं : आलेला फोन ठेवायचा आणि आपल्याकडे असलेल्या नंबरवर स्वतः लावायचा. नाही लागला तर रूममेटचा, मेसवाल्यांचा. हे नंबर आजच वहीत लिहून ठेवा. इंटरनेटवर कुठंही नसेल असा एक प्रश्नही घरात ठरवून ठेवा. आणि पोलीस कुणाला सोडण्यासाठी यूपीआयवर पैसे मागत नाहीत. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटकही कायद्यात नाही.

प्रश्न : मी समाजशास्त्रात एमए करते आहे. लघुप्रबंधाचा विषय आहे, एआयच्या मदतीनं होणाऱ्या फसवणुकीला इंदूरचे तरुण किती सहज बळी पडतात. गाइड म्हणतात, भंवरकुआँच्या कोचिंग क्लासेसमधल्या मुलांकडून डिजिटल साक्षरतेची प्रश्नावली भरून घे. एवढं पुरेल? (एक विद्यार्थिनी)

नाही पुरणार, आणि गाइडशी थोडं भांडायची तयारी ठेव.

ओटीपी सांगू नये, लिंकवर क्लिक करू नये, हे भंवरकुआँच्या कुठल्याही मुलाला तोंडपाठ असतं. प्रश्नावलीत सगळे उत्तम गुण मिळवतील आणि त्यातलाच एखादा त्याच रात्री टेलिग्रामवर ‘हॉटेलला रेटिंग द्या आणि कमवा’वाल्याला पैसे पाठवेल. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे येणाऱ्या तक्रारींतही हेच दिसत आलं आहे. पैसे गेल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण सत्तरीतल्या लोकांपेक्षा विशीतल्या मुलांत जास्त असतं, म्हाताऱ्यांचे मात्र एका फटक्यात जास्त पैसे जातात. म्हणजे फोन सराईतपणे वापरता येणं ही ढाल नव्हेच.

मग काय मोजायचं? माझ्या मते दोन गोष्टी : पैशांची तंगी, आणि घरी न सांगता येणं. एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करणाऱ्या मुलांचंच बघ. ओबीसी आरक्षणाच्या कोर्टकज्ज्यात निकाल वर्षानुवर्षं अडकले. वय वाढत गेलं, खोलीचं भाडं चढत गेलं, आणि दिवाळीला घरी गेलं की ‘काय झालं रे परीक्षेचं?’ हा प्रश्न ठरलेला. अशा मुलाला महिन्याच्या २५ तारखेला आलेला पार्टटाइम कामाचा मेसेज आणि ५ तारखेला आलेला तोच मेसेज सारखा वाटत नाही. त्यामुळे ‘कोण फसतो’ याच्याइतकंच ‘केव्हा फसतो’ हेही विचार. तोच मुलगा एकदा वाचला आणि एकदा अडकला, असे दोन्ही प्रसंग त्याच्याकडून काढून घे. तुझ्या प्रबंधातलं सोनं तिथं आहे.

‘तुमची एआयनं फसवणूक झाली का?’ असा प्रश्न अजिबात विचारू नकोस. समोर यंत्र होतं की माणूस, हे फसलेल्याला कळलेलं नसतं. नाहीतर तो फसलाच नसता. जे त्याला दिसलं-ऐकलं ते विचार : आवाज ओळखीचा होता का, व्हिडिओत कुणी प्रसिद्ध माणूस होता का, समोरचा रात्री ३ वाजताही लगेच उत्तर द्यायचा का, भाषेत चुका होत्या का. पूर्वी मोडक्या भाषेवरून भामटा ओळखू यायचा. आता शुद्धलेखन आपल्यापेक्षा त्याचंच बरं असतं. यंत्राचा हात किती होता, याचा अंदाज या उत्तरांवरून तू बांधायचा आहेस.

‘फसलो’ हा शब्दही एकच पायरी धरू नकोस. मेसेज आला, उत्तर दिलं, पैसे दिले, कुणाला तरी सांगितलं, या चारही गोष्टी वेगळ्या विचार. शेवटचीवर सगळ्यात जास्त वेळ घालव. १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार गेली की बँका पुढच्या-पुढच्या खात्यांत पळणारे पैसे अडवायचा प्रयत्न करतात, आणि तो तासा-दोन तासांत झाला तर हाती काही लागण्याची शक्यता जास्त असते. ‘बाबा काय म्हणतील’ या भीतीत मुलानं दोन दिवस काढले, की पैसे एटीएममधून निघून गेलेले असतात. त्यामुळे सांगायला किती उशीर झाला, हा तुझ्या अभ्यासातला कळीचा आकडा आहे.

मुलांना मेसेजचे नमुने दाखवणार असशील, तर बँकेचे, कॉलेजचे खरे मेसेजही त्यात मिसळ. नाहीतर सगळ्यांवर ‘फसवणूक’ म्हणून फुली मारणारा सगळ्यात हुशार ठरतो, आणि फीची शेवटची तारीख सांगणारा खरा मेसेजही तो पुसून टाकत असतो.

नमुना निवडतानाही फक्त कोचिंगवर थांबू नकोस. पीथमपूरच्या कारखान्यांत ठेक्यावर काम करणारे, डिलिव्हरीची मुलं, विजय नगरच्या पीजीत राहून कॉल सेंटरला जाणाऱ्या मुली, हेही इंदूरचे तरुणच आहेत. त्यांच्याकडे प्रश्नावली भरायला वेळ नसतो, म्हणून ते आकडेवारीतही नसतात.

आणि एक सक्त सूचना. ‘बघू कोण क्लिक करतं’ म्हणून स्वतः खोटी लिंक पाठवू नकोस. तसा प्रयोग विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी आणि नंतर प्रत्येकाला सगळं समजावून सांगायची व्यवस्था असल्याशिवाय करायचा नसतो. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती घे. खाते क्रमांक आणि स्क्रीनशॉट जमवू नकोस. मुलाखत सुरू करण्याआधीच स्पष्ट सांग, की गुन्ह्याचे तपशील मला देऊ नका, मी वकील नाही आणि माझ्या वह्या पोलिसांनी मागितल्या तर ‘नाही’ म्हणण्याचा हक्क मला असेलच असं नाही. हे का, ते चौथ्या पत्रात दिसेल.

प्रश्न : मुलगा २४ वर्षांचा, आयटीत चांगली नोकरी. ऑप्शनमध्ये पैसे घालवतो. आता म्हणतो, एका ग्रुपवर एआय बॉट आहे, तो रोज नफा काढून देतो. ॲपमध्ये दीड लाखाचे सव्वादोन झालेले दिसतात. अडवलं तर ‘बाबा, तुम्हाला मार्केट कळत नाही’ म्हणतो. (निवृत्त वडील, सुदामा नगर)

यात दोन वेगळी दुखणी आहेत.

ऑप्शन ट्रेडिंग, म्हणजे शेअरचा भाव पुढं कुठं जाईल यावर केलेले सौदे, कायदेशीर आहे, पण तोट्याचं आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या १ कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. तिशीच्या आतल्यांचा वाटा एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेला. मुलाला हे आकडे टोमणा म्हणून ऐकवू नका. त्याचा वर्षभराचा कर-अहवाल ब्रोकरच्या ॲपवरून काढायला सांगा आणि शेजारी बसून बघा. जिंकलेले दिवस आठवणीत राहतात, त्या कागदावर बाकीचेही असतात.

बॉट मात्र उघड फसवणूक दिसते. खात्रीचा नफा सांगायला सेबीची परवानगी कुणालाच नाही. ॲपमधले सव्वादोन लाख म्हणजे स्क्रीनवर उमटवलेला आकडा. आज त्यातले एक लाख काढून बघा म्हणावं. ‘आधी टॅक्स भरा’ किंवा ‘खातं अनलॉक करायला डिपॉझिट ठेवा’ असं उत्तर आलं, तर मुलालाच कळेल. पुढं एक रुपयाही घालू देऊ नका आणि लगेच १९३० लावा. एप्रिल २०२४ मध्ये तर नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या प्रमुखांचाच शेअर सुचवणारा बनावट व्हिडिओ फिरत होता आणि एक्स्चेंजला खुलासा करावा लागला. आता ऑक्टोबर २०२५ पासून सेबीकडे नोंदलेल्या ब्रोकर्सच्या यूपीआय आयडीत ‘व्हॅलिड’ हा शब्द असतो आणि ‘सेबी चेक’वर तो आयडी तपासता येतो. एखाद्या माणसाच्या बचत खात्यात ‘गुंतवणूक’ मागत असतील, तर तपासण्यासारखं काही उरतच नाही.

आणि मार्केट तुम्हाला कळत नसेलही, पण इंदूर तर कळतं? विजय नगरच्या बाजूला शेअरच्या टिप्स विकणाऱ्या ‘ॲडव्हायझरी’ कंपन्यांचं पेव फुटलं होतं, आणि सेबीनं इंदूरच्या कितीतरी सल्लागारांविरुद्ध आदेश काढले. तेव्हा फोनवर गोड बोलायला पगारी मुलं ठेवावी लागायची. आता तेवढाही खर्च नाही.

प्रश्न : मी २० वर्षांचा आहे. हॉस्टेलमधल्या सीनियरनं ५ हजार देऊन माझं खातं, एटीएम कार्ड आणि सिम ‘गेमिंगच्या पैशांसाठी’ महिनाभर मागून घेतलं. आता खातं फ्रीज झालंय. बँकवाले म्हणतात, दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांची तक्रार आहे. घरी माहीत नाही. मी तर काहीच केलं नाही ना?

केलं आहे. फसलेल्या लोकांचे पैसे पुढं सरकवायला असंच भाड्याचं खातं लागतं, आणि तपासाचा कागद पहिल्यांदा खातेदाराच्या दारात येतो, सीनियरच्या नाही. ‘मला माहीत नव्हतं’ हे खरं असलं तरी ते तुला पोलिसांना पटवून द्यावं लागेल. म्हणून त्याच्याबरोबरचं एकही चॅट पुसू नकोस. ५ हजार कसे मिळाले, त्याचा पुरावा ठेव. सिम बंद करून घे. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी माग. ‘खातं सोडवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटच्या नादी लागू नकोस.

वकिलाशिवाय जबाब द्यायला एकटा जाऊ नकोस. खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी कर, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना तिथं मोफत वकील मिळतो. आणि घरी आजच सांग. नोटीस आली तर ती बहुधा आधार कार्डावरच्या पत्त्यावर येईल, आणि तिथं दार तुझे आई-बाबा उघडतील. त्यांना हे पोलिसांकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे.

प्रश्न : ॲपवरून ३ हजारांचं कर्ज घेतलं, फेडलंही. तरी आणखी मागतात आणि माझा फोटो जोडून बनवलेलं घाणेरडं चित्र नातेवाइकांना पाठवू म्हणतात. काय करू? (एक मुलगी, वय २१)

पैसे देऊ नकोस, एकदा दिले की मागणी वाढतेच. धमक्यांचे स्क्रीनशॉट आणि नंबर जपून ठेव, ॲपला दिलेल्या परवानग्या काढ, १९३० वर आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार कर. ‘स्टॉप एनसीआयआय’ या मोफत सेवेत त्या चित्राची फक्त डिजिटल खूण तयार होते आणि तिच्या आधारे सहभागी सोशल मीडिया कंपन्या ते चित्र अडवतात. चित्र तुझ्या फोनबाहेर जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जाच्या ॲपला तुझी संपर्कयादी किंवा गॅलरी उघडायचा अधिकारच नाही. मामा, काका, आत्या अशा चार-पाच जणांना तूच आधी एका ओळीचा मेसेज टाक : ‘माझ्या नावानं खोटा फोटो येऊ शकतो, आल्यास मला कळवा आणि पुढं पाठवू नका.’ लाज वाटायची असेल तर ती त्यांना वाटू दे. तू काही केलेलं नाहीस.

प्रश्न : गेलेले पैसे काढून देणारा एक ‘सायबर एक्सपर्ट’ इन्स्टाग्रामवर भेटला. १० टक्के फी आधी मागतो. द्यावी का?

नाही. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि हा बहुतेक त्याच यादीतून तुमच्यापर्यंत आला आहे. १९३० वर तक्रार केली असेल, तर तिचा क्रमांक घेऊन बँकेत आणि सायबर सेलमध्येच पाठपुरावा करा. त्याला फी लागत नाही.