हृदयाची झडप आकसली आहे पण त्रास काहीच नाही, तर बलून टाळलं तर काय होईल?

तुम्ही लिहिलंय की पत्नीच्या (वय ३४) इकोमध्ये (हृदयाची सोनोग्राफी) माइट्रल झडपेचं, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचं, तोंड १.२ चौरस सेंटिमीटर आलं, डॉक्टर बलून करा (फुगा फुगवून झडप रुंद करा) म्हणतात आणि त्या म्हणतात, "मला काही होत नाही." मी डॉक्टर नाही. पण आमच्या ताईनं हेच वाक्य चार वर्षं ऐकवलं होतं.

निरोगी माणसात हे तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं. आपल्याकडे झडप आकसण्याचं मूळ बहुतेकदा लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापात सापडतं. घसा दुखतो, सांधे सुजतात, पोर बरं होतं आणि घरचे विसरून जातात.

आधी 'त्रास नाही' हेच तपासा. ताईनं जिना टाळायला सुरुवात केली होती, पाण्याची कळशी भाच्याच्या हातात द्यायची, आडवं पडलं की दम लागतो म्हणून झोपताना दोन उशा घ्यायची. रात्रीच्या खोकल्याला आम्ही दम्याचं औषध देत बसलो! खात्री नसेल तर ट्रेडमिलवर चालवूनही बघतात.

पुढे जायला वाट अरुंद, म्हणून रक्त मागे तुंबतं. डावा वरचा कप्पा फुगतो, फुफ्फुसांवर दाब येतो, पुढेपुढे पायांवर सूजही. फुगलेल्या कप्प्याचे ठोके एक दिवस अनियमित होतात, रक्त तिथेच घोळतं, गुठळी धरते. ताईची गुठळी मेंदूत गेली. बोलणं बरंचसं परत आलं, उजवा हात नाही आला.

मूल हवं असेल तर हे आणखी तातडीचं. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, आणि तोवर ठणठणीत वाटणाऱ्या बाईच्याही फुफ्फुसांत पाणी भरू शकतं.

बलून मांडीच्या शिरेतून करतात, छाती उघडावी लागत नाही. पण झडप मऊ असेतो, फार गळत नसेल आणि आत गुठळी नसेल तरच. ती वेळ गेली की झडप बदलणं आलं. धातूची बसवली तर रक्त पातळ ठेवायची गोळी आणि आयएनआरच्या (रक्त किती पातळ आहे ते बघणारी तपासणी) फेऱ्या जन्मभर. ऱ्हुमॅटिक ताप पुन्हा उलटू नये म्हणून बलूननंतरही पेनिसिलिनचं इंजेक्शन सहसा ३-४ आठवड्यांनी चालूच राहतं, ते सोडू नका. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा.

डॉक्टरांना विचारा: ठोके नियमित आहेत का, आणि झडप अजून बलूनजोगी आहे का. आणि वहिनी किती उशा घेऊन झोपतात, ते आज रात्रीच बघा.