दिसतो बंगला, कागदावर कॉन्डो

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही दोघं आणि दोन मुलं, मिशिगनमध्ये कॅन्टनला सहा वर्षं भाड्याने राहतोय, आता घर घ्यायचं ठरवलंय. नोवायच्या बाजूला दोन घरं आवडलीयेत. दोन्ही चारी बाजूंनी सुटी, शेजाऱ्याची भिंत कुठे चिकटलेली नाही, गॅरेज आपलं, बेसमेंट आपलं. पण पहिल्याच्या कागदांवर ‘युनिट 27’ असं लिहिलंय आणि एचओएची (वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनची) फी वर्षाला 650 डॉलर, तर दुसऱ्याच्या लिस्टिंगवर सरळ ‘डिटॅच्ड कॉन्डो’ आणि फी महिन्याला 390. रिअल्टर म्हणतो पहिलं नुसतं कागदावर कॉन्डो आहे, लक्षच देऊ नका. सांगलीहून बाबा रोज फोनवर एकच विचारतात, “जमीन आपल्या नावावर होणार ना रे?” मला धड उत्तर देता येत नाही. डिटॅच्ड कॉन्डो आणि साधं सिंगल फॅमिली घर यात नक्की फरक काय, आणि दोन कॉन्डोंच्या फीमध्ये एवढा फरक कसा?
— एक वाचक, कॅन्टन

उत्तर : रिअल्टरपेक्षा तुमच्या बाबांचा प्रश्न भारी आहे, तोच धरून बसा.

कॉन्डो म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे लिफ्ट आणि कॉरिडॉर येतो, पण हा शब्द मालकी कशी वाटलीय तेवढंच सांगतो, भिंती कशा आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पुण्यात फ्लॅट घेतलेल्यांना हे पटकन कळेल. तिकडे सोसायटी असली की जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायची आणि आपण सभासद, आणि 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली स्कीम असली की फ्लॅट आपल्या नावावर आणि सोबत जमिनीत अमुक इतके टक्के अविभक्त हिस्सा, ते अपार्टमेंट डीडमध्ये लिहिलेलं असतं. पुण्यात तर त्या संघटनेला कंडोमिनियमच म्हणतात. अमेरिकेतला कॉन्डो त्याचाच भाऊ. इथे फक्त तीच पद्धत बंगल्यांना लावलीये.

साध्या सिंगल फॅमिली घरात काय असतं, तर मोजून आखलेला प्लॉट, त्याचा नकाशा काउंटीत नोंदवलेला, आणि त्या प्लॉटवर जे जे आहे ते सगळं तुमचं, छप्पर, ड्राइव्हवे, मागचं मेपलचं झाड आणि ते झाड वादळात पडलं तर ते उचलायचा खर्चसुद्धा. आता इथेच लोक फसतात, एचओए आहे म्हणजे कॉन्डो आणि एचओए नाही म्हणजे सिंगल फॅमिली असं समजतात. तसं काही नसतं. साध्या प्लॉटवाल्या सबडिव्हिजनमध्येही एचओए असतो, तळं आणि प्रवेशाजवळची बाग त्याच्या नावावर असते आणि तुमच्या मेलबॉक्सचा रंग काय असावा हेही तो सांगू शकतो. त्यामुळे फीवरून ओळखायला जाऊ नका.

मग मिशिगनमध्ये एवढे सुटे कॉन्डो आले कुठून? प्लॉट पाडायचे तर 1967 चा जमीन विभागणीचा कायदा लागतो, नकाशा बऱ्याच सरकारी टेबलांवरून फिरतो आणि वेळ खातो. 1978 मध्ये कॉन्डोमिनियमचा नवा कायदा आला आणि बिल्डर लोकांच्या लक्षात आलं की याखाली युनिट म्हणजे खोल्याच असायला हव्यात असं कुठे आहे, मोकळ्या जमिनीचा तुकडासुद्धा युनिट होऊ शकतो! मास्टर डीड, म्हणजे कोणाची हद्द कुठे आणि कॉमन काय हे सांगणारा वसाहतीचा मूळ दस्त, नोंदवलं की झालं, टाउनशिपची मंजुरी लागतेच पण ती लांबण टळते. याला साइट कॉन्डो म्हणतात, आणि डेट्रॉइटच्या आसपासच्या उपनगरांत अशा कितीतरी वसाहती आहेत, राहणाऱ्यांना पत्ताही नसतो. मला स्वतःला आमचं घर साइट कॉन्डो आहे हे क्लोजिंगच्या, म्हणजे शेवटच्या सह्यांच्या, टेबलावर कळलं, तेही कारण मी विचारलं की प्रत्येक कागदावर युनिट युनिट का लिहिलंय.

तुमचं पहिलं घर बहुतेक याच जातीचं. बहुतेक म्हणतेय कारण खात्री एकाच कागदाने होते, मास्टर डीड. ते मागवा, त्यामागे नकाशांचा एक्झिबिट बी जोडलेला असतो, तो उघडा आणि युनिट 27 ची हद्द कुठून कुठे दाखवलीय ते बोट ठेवून बघा. हद्द प्लॉटच्या कडेने गेली असेल तर जमीन तुमच्या युनिटमध्ये आली, बाबांना फोन करून सांगा की हो, होणार. (सातबारा मात्र मिळणार नाही, डीड मिळेल.) मग छप्पर, सायडिंग (बाहेरच्या भिंतींचं आवरण), लॉन सगळं तुमच्या गळ्यात, आणि 650 डॉलरमध्ये तळं, दिवे, फार तर रस्त्याचा बर्फ एवढंच.

दुसऱ्या घराची हद्द मात्र बघाल तर कदाचित भिंतींच्या आतल्या बाजूनेच गेलेली असेल. म्हणजे छप्पर, बाहेरच्या भिंती आणि खालची जमीन हे सगळं कॉमन, त्यात तुमचा टक्केवारीचा हिस्सा, आणि मागचा डेक आणि ड्राइव्हवे ‘लिमिटेड कॉमन’, म्हणजे मालकी सगळ्यांची पण वापर फक्त तुमचा. 390 तेवढ्यासाठीच घेतात, गवत ते कापणार, बर्फ ते काढणार, छपराचे शिंगल्स ते बदलणार. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांच्यासाठी हा सौदा अजिबात वाईट नाही, पण मागे मेथीचा आणि मिरच्यांचा वाफा घालायचा झाला तरी बोर्डाला अर्ज, कारण ती जमीन तुमची एकट्याची नाहीच. दोन लहान मुलं, ट्रॅम्पोलीन, झोका असं सगळं डोक्यात असेल तर आधी बायलॉज वाचा.

इन्शुरन्सचं नीट ऐका कारण इथे खरे पैसे बुडतात. पहिल्या प्रकारच्या घराला साध्या घराची पूर्ण पॉलिसी लागते, ज्याला एचओ-थ्री म्हणतात. दुसऱ्या प्रकारात असोसिएशनची मास्टर पॉलिसी बाहेरचं सगळं सांभाळते आणि तुम्ही आतल्यापुरती एचओ-सिक्स घेता. आता एजंटला फोनवर नुसतं “कॉन्डो आहे” म्हणालात तर तो बिचारा एचओ-सिक्स काढून देईल, हप्ता कमी बघून तुम्ही खूश, आणि घर निघालं साइट कॉन्डो, म्हणजे छपराला इन्शुरन्स ना असोसिएशनचा ना तुमचा. मास्टर डीडमधलं इन्शुरन्सचं पान फोटो काढून एजंटला पाठवा, तोंडी सांगू नका.

कर्जाची फार काळजी नको. 2021 मध्ये फ्लोरिडातल्या सर्फसाइडला कॉन्डोची इमारत कोसळून 98 माणसं गेली, त्यानंतर लेंडर लोक कॉन्डो म्हटलं की शंभर प्रश्न विचारायला लागले, पण ती सगळी झडती मुख्यतः मोठ्या इमारतींची. लेंडरकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या नियमांत सुट्या कॉन्डोला ती झडती, म्हणजे प्रोजेक्ट रिव्ह्यू, माफ आहे आणि चिकटलेल्या कॉन्डोंवर कमी डाउन पेमेंट असलं की जो जादा चार्ज बसतो तोही सुट्याला नाही. तरी लोन ऑफिसरला पहिल्याच दिवशी ‘डिटॅच्ड’ हा शब्द सांगून ठेवा, सिस्टिममध्ये नुसता कॉन्डो टाकला की रेट वर दाखवतो आणि मग दुरुस्त करून घेण्यात आठवडा जातो.

आणि रस्ता! हे कोणी सांगत नाही. वसाहतीतला रस्ता पब्लिक आहे की प्रायव्हेट हे विचाराच. आमचा प्रायव्हेट निघाला, सरकारी बर्फगाडी कोपऱ्यापर्यंत यायची आणि वळून जायची, आणि नऊ वर्षांनी डांबर उखडलं तेव्हा घरटी साडेतीन हजार डॉलरचं स्पेशल असेसमेंट, म्हणजे फीच्या वरची जादा वर्गणी, आलं, आमच्या बोर्डाने इतकी वर्षं फी कमी ठेवली म्हणून आम्ही त्यांचा हार घालून सत्कार करायचंच बाकी होतं. कायद्याने असोसिएशनला वर्षाच्या बजेटच्या किमान 10 टक्के रिझर्व्हमध्ये ठेवावे लागतात, पण त्यात रस्ता होत नाही. तेव्हा रिझर्व्ह फंडात किती आहेत आणि गेल्या दोन-तीन वर्षांच्या मीटिंगची मिनिट्स, दोन्ही मागा. मिनिट्स वाचायला मजाही येते, कोण कोणाच्या कुत्र्यावरून भांडतंय ते कळतं.

अजून एक, हे दोन्ही प्रकारांना लागू, विकणाऱ्याचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल बघून हिशोब करू नका. 1994 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझल ए या करबदलापासून मिशिगनमध्ये मालक तोच असेपर्यंत टॅक्स ज्या किमतीवर बसतो ती किंमत दरवर्षी महागाईइतकीच किंवा फार तर 5 टक्के वाढते, दोन्हीत कमी ते, आणि घर विकलं की पुढच्या वर्षी ती एकदम वर जाते. वीस वर्षं राहिलेल्या आजी-आजोबांचं बिल तुम्हाला येणार नाही.

मी तुमच्या जागी असते तर पहिलं घेतलं असतं, रस्ता पब्लिक असेल तर डोळे झाकून. दुसरं, साठी उलटल्यावर बघू.

प्रश्न : आम्ही ऑस्टिनला एक नवीन घर बघितलं. एकाच प्लॉटवर पुढे एक आणि मागे एक अशी दोन सुटी घरं, मागचं आम्हाला मिळतंय, आसपासच्या घरांपेक्षा बरंच स्वस्त. एचओए फी शून्य! यात गोम काय आहे?
— ऑस्टिनहून एक वाचक

उत्तर : गोम ही की एचओए आहे, फक्त त्यात दोनच मेंबर आहेत, तुम्ही आणि पुढचे.

ऑस्टिनमध्ये हे खूप चालतं. प्लॉट कायदेशीररीत्या फोडणं किचकट आणि वेळखाऊ, म्हणून बिल्डर तसं न करता अख्ख्या प्लॉटवर कॉन्डो रेजिम करतो, म्हणजे तो कॉन्डो म्हणून नोंदवतो, पुढचं युनिट ए, मागचं युनिट बी, आणि दोन वेगवेगळ्या लोकांना विकतो. डिसेंबर 2023 मध्ये शहराने एका प्लॉटवर तीन घरांना परवानगी दिली, आता तर ए, बी, सी. स्वस्त का, तर अर्धा प्लॉट मिळतो म्हणून, त्यात फसवाफसवी काही नाही. घर चांगलं असेल तर घ्याही. पण आपल्याकडे वाड्याच्या वाटण्या झाल्या की विहिरीवरून आणि येण्याजाण्याच्या वाटेवरून काय व्हायचं ते आठवा, तेच इथे. ड्राइव्हवे पुढच्यांच्या दारावरून जातो का, त्यांच्या पाहुण्याने गाडी आडवी लावली तर तुम्ही काय करणार, पाण्याचं मीटर एक की दोन, सांडपाण्याची लाइन त्यांच्या हद्दीतून जाते का, कुंपण पडलं तर पैसे कोण देणार. डिक्लरेशन नावाचा कागद असतो त्यात हे सगळं यायला हवं. मतं बहुतेक निम्मी-निम्मी असतात, म्हणजे एक हो आणि एक नाही म्हणाला की गाडी जागेवर, तेव्हा वाद झाला तर निर्णय कसा करायचा हे लिहिलंय का तेवढं वकिलाकडून नक्की बघून घ्या, त्याचे चारपाचशे डॉलर वाचवू नका. आणि ऑफर टाकायच्या आधी पुढच्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन या, किंवा पुढचं अजून विकलं नसेल तर दोन्हींतलं निवडायचा हक्क तुमचा आहे. मी पुढचं घेईन, पण ते ज्याचं त्याचं.

प्रश्न : कॅनडात, मिल्टनला, फ्रीहोल्ड म्हणून घर दाखवतात आणि वर महिन्याला दीडशे डॉलर पीओटीएल फी सांगतात. फ्रीहोल्ड आहे तर फी कसली?
— ओंटारिओतला एक वाचक

उत्तर : पीओटीएल म्हणजे ‘पार्सल ऑफ टाइड लँड’, कॉन्डोला बांधलेली जमीन. घर आणि त्याखालची जमीन खरंच तुमची, पण समोरचा खासगी रस्ता आणि पाहुण्यांचं पार्किंग हा वेगळा कॉन्डो आहे आणि त्यातला तुमचा हिस्सा घराला बांधलेला आहे, घर विकलं की तोही जातो, वेगळा काढता येत नाही. फी त्या रस्त्याची. न भरून चालत नाही, थकली तर घरावर बोजा चढू शकतो. खरा सुटा कॉन्डो तिकडे वेगळा असतो, त्याला व्हेकंट लँड कॉन्डो म्हणतात, त्यात जमिनीचा तुकडाच युनिट, आपल्या कॅन्टनवाल्यांच्या पहिल्या घरासारखं. दोन्हींत स्टेटस सर्टिफिकेट, म्हणजे कॉन्डोच्या पैशांची आणि थकबाकीची माहिती देणारा दाखला, मागवायचं, फी जास्तीत जास्त 100 डॉलर आणि 10 दिवसांत कॉन्डोवाल्यांना द्यावंच लागतं, आणि तुमची ऑफर ते वकिलाने वाचून होईपर्यंत कंडिशनल ठेवायची.